चौदा दिव्यांवरची रेघ

यंत्रमागाच्या चौकटीला सायकलचा दिवा बांधलेला बघून आमचा मालक शेडच्या दारातच थांबला.

“पिराजी, हे काय काढलंस? मागाची आरती करायची हाय व्हय?”

“टेस्ट चाललीय मालक.”

“माग माझा, शेड माझं, आणि टेस्ट तुझी?”

“मागाचा नुसता हादरा घेतोय. हितं दोन पाळ्या टिकला तर कुठल्याबी रस्त्यावर टिकंल.”

मालक मान हलवत निघून गेला. खड्ड्यांचा रस्ता तासाभरात संपतो. मिनिटाला दीडशे वेळा धोटा आपटणारा माग संपत नाही. त्या मागावर तो दिवा दोन पाळ्या टिकला. मागाचाच एक नट सैल झाला, दिव्याचा स्क्रू हलला नाही. त्याआधी मी तो पेटवून रात्रभर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवला होता. मग घड्याळ लावून मधल्या उजेडावर जाळला. नऊ तास दहा मिनिटं जळला.

मी इचलकरंजीत जॉबर. म्हणजे बंद पडलेले, सूत तोडणारे, कापडावर डाग पाडणारे माग दुरुस्त करणारा माणूस. शाळा सातवीत सुटली. जे शिकलो ते हातानं आणि कानानं. सूत भरलेली कांडी तळहातावर घेतली की किती भरलीय ते सांगतो, माग दुरून ऐकला की कुठला दात झिजलाय ते सांगतो. आमच्या शेडमध्ये माझी एक रीत होती. माग दुरुस्त झाला की चौकटीवर खडूनं एक तिरकी रेघ मारायची. रेघ दिसली की मागवाला काही विचारायचा नाही, सरळ बटण दाबायचा. बावीस वर्षं त्या रेघेला कुणी बोल लावला नव्हता.

दिवा बनवला होता सदानं. सदानंद शिंत्रे, माझा दोस्त. गावभागात त्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. लोक टीव्ही दुरुस्त करायचे सोडून नवीनच घ्यायला लागले, तसा सदा माश्या मारायला लागला आणि माझ्याबरोबर सायकल चालवायला लागला. नऊ वर्षं आम्ही जोडीनं रस्ते तुडवले. माझ्या वडलांना दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा ह्या माणसानं सहा रात्री कॉरिडॉरमध्ये माझ्याशेजारी बसून काढल्या होत्या. हे पण सांगितलं पाहिजे. नाहीतर पुढचं सोपं वाटेल.

आमच्या लांब पल्ल्याच्या राइडमध्ये रात्र चुकत नाही. तीनशे किलोमीटर, वीस तास. मागं मदतीची गाडी नाही. ठरलेल्या गावात कार्डावर शिक्का घ्यायचा आणि पुढं सुटायचं. मांड्या, फुप्फुसं, सायकल सगळं ठीक असलं तरी रात्री माणूस जगतो तो पुढच्या दिव्यावर. आणि दिव्याच्या धंद्यात खोटेपणा इतका, की विचारू नका. डब्यावर हजार ल्युमेन उजेड छापलेला असतो. हजार ल्युमेन किती वेळ, ते कुणी छापत नाही. अर्ध्या तासात मेणबत्ती होते. परदेशी दिवा चांगला, पण तो घ्यायला आम्हाला सायकल विकावी लागली असती. म्हणून सदानं स्वतः दिवा बनवला. रात्री उडणाऱ्या पाखराचं नाव दिलं, रातवा. पहिला नग माझ्या हातात ठेवून म्हणाला, “पिऱ्या, ह्याला मार. मरंल तितका मार. मेला न्हाई तर मग बोलू.”

मी मारला. तो मेला नाही.

आमच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर मी लिहिलं, नऊ तास दहा मिनिटं, स्वतः मोजलेत. चौदा जणांनी दिवे सांगितले. नोव्हेंबरातल्या राइडला आठ दिवस उरले तेव्हा सदाचा फोन आला. “तयार झालेत सगळे. ये, बघून जा.”

दुकानाच्या टेबलावर काळे चौदा डबे ओळीनं मांडले होते. बाजूला पांढऱ्या रंगाची डबी आणि बारीक ब्रश.

“हे कशाला?” मी म्हटलं.

“तुझी रेघ मार की. मागावर मारतोस तशी. माझ्या शब्दाला कोण विचारतंय? पिराजीची रेघ म्हटल्यावर डोळं झाकून घेत्यात लोक.”

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? सातवी नापास माणसाची खूण वस्तूवर छापली जाते म्हटल्यावर बरं वाटतं. तरी मी हातचं सोडलं नाही. एकेक दिवा उचलला, तळहातावर जोखला, माझ्या दिव्याशी ताडून पाहिला. सगळे पेटवून बघितले. वजन सारखं, उजेड सारखा. मग एकेकावर तिरकी पांढरी रेघ ओढली. चौदा रेघा. सदा शेजारी उभा राहून फुंकर मारून रंग वाळवत होता.

त्यातला एक दिवा नलवडे बाईंचा होता.

नलवडे बाई मुलींच्या शाळेत कवायत शिकवायच्या. वय चोपन्न. गळ्यात शिट्टी, पायात पांढरे बूट, आणि मैदानावर त्यांचा “हाथ ऊपर” आला की चारशे मुलींचे हात एकदम वर. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी सायकल धरली आणि चार वर्षांत आमच्यातल्या निम्म्या बाप्यांना मागं टाकलं. त्यांच्या सायकलच्या पिशवीत एक छोटी वही असायची. टायर कधी बदललं, साखळीला तेल कधी घातलं, सगळं तारीखवार. आम्ही हसायचो. “बाई, हजेरी घेतली का साखळीची?” त्या म्हणायच्या, “तुम्ही लक्षात ठेवता, म्हणून तुम्ही विसरता.”

दिवा घ्यायच्या आधी त्या मुद्दाम शेडवर आल्या होत्या. मागांच्या आवाजात ओरडून बोलावं लागत होतं.

“पिराजी, मला दुकानदाराचं ऐकायचं नाही. तू सांग. हा दिवा घेऊन मी आंबोलीचा घाट रात्री उतरू का?”

“उतरा बाई.”

“नक्की?”

“माझी रेघ हाय त्यावर.”

“मग झालं,” त्या म्हणाल्या आणि गेल्या.

शनिवारी संध्याकाळी सहाला इचलकरंजीतून सुटलो. निपाणी, आजरा, आंबोली, खाली सावंतवाडी, आणि त्याच वाटेनं परत. निघण्याआधी सगळ्यांचे दिवे तपासले गेले. तपासणी म्हणजे काय, तर बटण दाबा, पेटला, ठीक आहे, पुढचा. सुरवातीला कुठला दिवा पेटत नाही? लग्नात कुठली नवरी वाईट दिसते?

बाई आणि मी जोडीनं चाललो होतो. रात्रीच्या राइडमध्ये जोडीची एक सवय असते. सपाट रस्त्यावर दोघांनी दोन दिवे जाळायचे नाहीत. एकानं पुढं राहून दिवा लावायचा, दुसऱ्यानं आपला बंद करून त्याच्या उजेडात चालायचं. तासानं पाळी बदलायची. बॅटरी घाटासाठी राखायची. आजऱ्यात शिक्का घेतला, चहा घेतला, तेव्हा बाईंनी वही काढून हिशेब केला.

“माझा आत्तापर्यंत अडीच तास जळलाय. साडेसहा शिल्लक. घाटात फुल्ल लावते.”

“लावा की. त्यासाठीच राखलाय.”

सदा तिथंच होता, बाकावर पाय पसरून. तो म्हणाला, “बाई, फुल्लची काय गरज न्हाई हो. मधल्यावरच उतरा. डोळ्याला बरं असतंय.”

“मला खड्डे दिसलेले बरे असतात,” बाई म्हणाल्या.

तो काहीतरी बोलणार होता. त्याऐवजी चहाचा कप तोंडाला लावला.

आंबोली ओलांडली तेव्हा साडेबारा झाले होते. धुकं नव्हतं, थंडी होती. घाटाच्या तोंडाशी आम्ही थांबून जाकिटं घातली. उतारावर जोडीनं चिकटून चालत नाहीत, अंतर ठेवतात. मी पुढं, बाई वीस-पंचवीस हात मागं. त्यांनी दिवा मोठ्या उजेडावर टाकला तसा माझ्यापुढचा रस्ता पांढराफेक झाला. माझीच सावली लांबलचक होऊन माझ्यापुढं पळायला लागली. मी ओरडलो, “बाई, दिवस उजाडला की!” मागून त्यांचं हसणं ऐकू आलं.

दोन वळणं गेली. तिसऱ्या वळणावर माझी सावली नाहीशी झाली.

हळूहळू नाही. फट्‌दिशी. मागचा उजेड कुणी कापून टाकावा तसा. मग टायर खरवडल्याचा आवाज, आणि मग लोखंड दगडावर आपटल्याचा. लोखंडाचे आवाज मला कळतात. हा सायकल मोडल्याचा होता.

बाई डोंगराच्या बाजूच्या गटारात पडल्या होत्या. दरीच्या बाजूला पडल्या असत्या तर मी आज हे लिहिलं नसतं. उजवा खांदा दगडावर आला होता. हात भलत्याच ठिकाणाहून लोंबत होता. डोक्यावरच्या टोपीला एक छोटा दिवा होता, पण तो लावायला हात मोकळा पाहिजे, आणि वळणावर दोन्ही हात ब्रेकवर असतात.

मी गटारात उतरलो. माझा रातवा त्यांच्या तोंडावर धरला. आणि मी पहिलं काय बोललो?

“बाई, चार्जिंग केलं होतं का?”

त्यांनी डोळे उघडले. वेदनेनं ओठ पांढरे पडले होते.

“केलं होतं. वहीत लिहिलंय.”

“बरं, असू दे. होतंय असं. हलू नका.”

दहा मिनिटांनी सदा आला. तो वळण घेऊन आला तेव्हा मला दिसलं, त्याच्या सायकलवरचा रातवा बंद होता आणि खाली दुसराच एक छोटा दिवा जळत होता. म्हटलं, बॅटरी वाचवतोय.

त्यानं सायकल घाटाच्या कठड्याला लावली, गटारात वाकून बघितलं. “आयला... काय झालं?”

“दिवा गेला एकदम.”

“चार्ज केला नसणार. बायकास्नी किती सांगायचं.” मग माझ्याकडं बघून, “दिवा कुठाय त्यांचा?”

“बघ की आधी त्यांच्याकडं!”

“बघतोय रे. दिवा पडला असंल कुठं तर हरवंल. मी ठेवतो.”

दिवा त्यांच्या हँडलवरून निखळून गटारातच पडला होता. मी तो माझ्या पिशवीत कोंबला. खालून मासळीचा टेम्पो घाट चढत आला, त्याला हात केला. बाईंना पुढं बसवलं, त्यांची आणि माझी सायकल मागं टाकली, आणि मी मासळीच्या पेट्यांवर. टेम्पो सुटायच्या आधी सदा फळीला धरून उभा राहिला. “पिऱ्या, तो दिवा मला दे. नवा करून देतो त्यास्नी.”

“देतो उद्या. सोड आता.”

केवढी काळजी ह्याला, असं मला वाटलं. देवाशप्पथ, असं वाटलं.

गडहिंग्लजच्या दवाखान्यात पहाटे त्यांचा मुलगा आला. बाई गुंगीत होत्या. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, “काका, आई विसरली ना चार्ज करायला? हल्ली विसरते. मी म्हणत होतो, हे बंद कर आता.”

मी म्हटलं, “होतंय कधीकधी.”

एवढंच म्हटलं. होतंय कधीकधी.

दोन दिवसांनी सदानं ग्रुपवर सूचना टाकली. राइडच्या आदल्या दिवशी दिवे पूर्ण चार्ज करणे, निष्काळजीपणा जिवावर बेतू शकतो. खाली सगळ्यांचे अंगठे. त्यात माझाही अंगठा होता. बाई त्या ग्रुपवर होत्या. त्यांनी वाचलं असणार; त्याच रात्री त्या ग्रुपमधून बाहेर पडल्या.

सदाचा रोज फोन. दिवा कधी आणतोस? चौथ्या दिवशी मी शेडवर पिशवी झाडायला काढली. मासळीचा वास जात नव्हता. दिवा हातात घेतला, आणि त्यातून आवाज आला. अगदी बारीक. वाळक्या शेंगेत बी हलावं तसा. शेजारी चोवीस माग धडधडत होते, तरी तो माझ्या कानाला लागला. माझ्या दिव्यात असा आवाज नव्हता.

मी स्क्रू काढले. आत चार सेल असायला पाहिजेत. चार दिसत होते, निळ्या वेष्टनातले. वेष्टन फाडलं. तीन सेल लॅपटॉपच्या जुन्या बॅटऱ्यांतून उपटलेले, टोकांना जुन्या झाळणीचे, सोल्डरिंगचे डाग. असले सेल मधल्या उजेडावर तीन-चार तास रेटतात. एकदम जोर मागितला की बसतात. चौथा सेल म्हणजे नुसतं पत्र्याचं नळकांडं. घाटातल्या आपटीनं त्याचं टोक उचकटलं होतं. मी ते तळहातावर उपडं केलं.

चाळलेली बारीक रेती.

मग मी माझा दिवा उघडला. चार सेल, चारही नवे कोरे.

मागवाला येऊन म्हणाला, “जॉबर, सात नंबर सूत तोडतोय.” मी म्हटलं, “तोडू दे.”

सदाच्या दुकानात गेलो तेव्हा तो कुठल्यातरी पट्टीवर झाळणं करत होता. मी रेतीचं नळकांडं त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं बघितलं. झाळणाची कांडी खाली ठेवली नाही.

“सगळ्यांत असंच हाय?” मी विचारलं.

“नवे सेल वेळेत आलेच न्हाईत रे. पंधरा दिवस वाट बघितली. तुम्ही सगळे तारीख धरून बसलेला. दिवे कुठायत, दिवे कुठायत, रोज फोन.”

“मग न्हाई म्हणायचं.”

“कसं म्हणू? नऊ तास, नऊ तास म्हणून तूच गावभर बोंब मारलीस. जुने सेल जमवले, ते बी प्रत्येकात तीनच पुरले. म्हटलं, जोडीनं जात्यात, चार तासांवर कुणाचा दिवा फारसा जळत न्हाई, संपलाच तर टोपीवरचा हाय. नवे आले की गुपचूप बदलून देतो. बदलणार होतो पिऱ्या, आईशप्पथ.”

“आजऱ्यात बाईंना फुल्ल लावू नका म्हणालास.”

त्यानं कांडी पट्टीवर टेकवली.

“म्हणजे तुला म्हायती होतं, जाईल म्हणून.”

“मी सांगितलं की त्यास्नी, मधल्यावर उतरा. ऐकलं न्हाई त्यांनी.”

मला त्याच्या कानाखाली वाजवायची होती. हात उचललाही असता. पण एक गोष्ट मला कळत नव्हती, आणि ती कळल्याशिवाय मला मारताही येईना.

“जुने सेल, समजलं. तीन, ते पण समजलं. रेती कशाला? जागा मोकळी सोडायची होतीस की. दिवा पेटायचा तेवढाच पेटला असता. रेती कशाला भरलीस?”

तो कांडीच्या टोकावरचा धूर बघत राहिला.

“बोल की.”

“तू उचलून बघतोस रे,” तो म्हणाला.

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. बाहेर रिक्षावाला कुणाशीतरी भांडत होता.

चौदा दिव्यांत रेती भरली, ती चौदा माणसांना फसवायला नव्हती. त्यांतला कुणी दिवा जोखून घेणारा नव्हता. ती सगळी रेती माझ्या एकट्याच्या तळहातासाठी होती. नऊ वर्षं शेजारी सायकल चालवून, दवाखान्यात सहा रात्री जागून ह्या माणसानं माझा हात पाठ केला होता. तराजूवर नळकांडं ठेवून चिमूट चिमूट रेती घातली असणार त्यानं, माझा हात फसेल इतकी. आणि मग ब्रश माझ्या हातात दिला आणि शेजारी उभा राहून फुंकर मारली.

“ग्रुपवर टाकणार हाईस?” त्यानं विचारलं.

“टाकणार.”

“टाक. पण ध्यानात ठेव, त्यावर माझं नाव न्हाई. रेघ तुझी हाय.”

मी टाकलं. रेतीचे, सेलांचे फोटो, सगळं. पहिल्यांदा लोकांनी सदाला शिव्या दिल्या, मग मला. कुणीतरी लिहिलं, जॉबर पण सामील असणार, त्याच्याच दिव्यात नवे सेल कसे? मीही तेच लिहिलं असतं. उरलेले तेरा दिवे मी घरोघरी जाऊन गोळा केले. एकानं दारात उभं करून विचारलं, “तू तपासलंवतास न्हवं?” मी म्हटलं, “व्हय.” त्यानं दिवा माझ्या हातात टाकला आणि दार लावलं. तीन वेळा टर्पेंटाइन लावूनही रेघ निघत नव्हती. चांगला रंग आणला होता सदानं. तेवढा एक अस्सल.

सगळ्यात शेवटी नलवडे बाईंकडं गेलो. जायला अठरा दिवस लावले, हे पण लिहितो.

बाई पुढच्या खोलीत खुर्चीवर बसल्या होत्या. खांद्यात पट्टी आणि सात स्क्रू घातले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हात खांद्याच्या वर जाणार नाही. कधीच. निवृत्तीला चार वर्षं होती आणि शाळेनं त्यांना ग्रंथालयात बसवायचं ठरवलं होतं. मुलगा आत फोनवर बोलत होता.

मी स्टुलावर उघडा दिवा ठेवला. नळकांडं ठेवलं. सगळं सांगितलं, मागाच्या हादऱ्यापासून रेतीपर्यंत. सांगताना माझा आवाज चढला. सदाला मी काय काय म्हणालो ते त्यांच्या घरात बोलण्यासारखं नव्हतं. डाव्या हातानं बाईंनी नळकांडं उचललं आणि पुन्हा ठेवलं.

“म्हणजे तुला फसवलं त्यानं,” त्या म्हणाल्या.

“व्हय बाई. आपल्या दोघांस्नी.”

“नाही. त्यानं तुला फसवलं. मी त्याच्याकडून काही घेतलंच नव्हतं. मी शेडवर आले होते, तुझ्याकडं.”

मी स्टुलावरचे रेतीचे कण बोटानं गोळा करायला लागलो.

“ते असू दे. एवढं करून तू फसलास, ते मला कळतं. यंत्र आहे, माणूस आहे, फसतो.” त्यांनी नळकांडं बाजूला सरकवलं. “गटारात मला पहिलं काय विचारलंस, आठवतंय?”

मला आठवत होतं. अजून आठवतं.

“मी तुला सांगितलं, वहीत लिहिलंय. वही तिथंच होती, सायकलच्या पिशवीत. तुझ्या हातात दिवा होता. तू वही बघितलीस?”

“न्हाई.”

“दवाखान्यात?”

“न्हाई बाई.”

“माझ्या मुलानं तुला विचारलं. मी गुंगीत होते, पण कान चालू होते. तू म्हणालास, होतंय कधीकधी. त्या दिवसापासून ह्या घरात मी विसरभोळी आहे. गॅस मी बंद केला तरी सून परत जाऊन बघते. शाळेत हेडमास्तरीणबाई म्हणाल्या, वयच आहे. मला वाटायला लागलं, खरंच विसरले असेन. अठरा दिवस मी माझंच अक्षर बघून विचार करत होते, की हे मी खोटं लिहिलं का?”

त्यांनी खुर्चीच्या बाजूची पिशवी पायानं माझ्याकडं सरकवली. “काढ.”

मी वही काढली. शेवटचं लिहिलेलं पान मुडपून ठेवलं होतं. शुक्रवार. रातवा चार्जिंगला दुपारी दोन. रात्री नऊ, हिरवा. काढला. खाली नेटक्या अक्षरात त्यांची सही. बघायला मला दोन सेकंद लागले. दोनच.

“माझा हात चालत नाही,” बाई म्हणाल्या. “तू लिही त्याच्याखाली. तारीख घाल.”

त्यांनी पेन दिलं. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. मी तारीख घातली आणि लिहिलं, ‘बाईंनी दिवा पूर्ण चार्ज केला होता. चूक माझी.’ खाली नाव लिहिलं आणि वही त्यांच्यापुढं धरली.

त्यांनी वाचलं. शाळेतल्या मुलीचं वाचावं तसं, सावकाश.

“‘चूक’ नको,” त्या म्हणाल्या. “चूक सगळ्यांची होते. ते खोड. लिही, ‘मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही.’ आणि मोठ्यानं वाच. आत माझा मुलगा आहे, त्याला ऐकू जाऊ दे.”

आतला फोन थांबला होता. मी वही मांडीवर घेतली आणि ‘चूक माझी’वर एक तिरकी रेघ ओढली.